वाचकांचे प्रश्न : आमदाराचे मताधिक्य, मतदारसंघाची घडण आणि सभागृहातील काम

विधानसभा निवडणुकीनंतर या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच चिंतेभोवती फिरणारी होती : आपल्या आमदाराचे मोजमाप नेमके कशाने करावे? त्यांतील पाच प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या भागातील आमदार २०१९ मध्ये मोठ्या फरकाने निवडून आले आणि २०२४ मध्ये जेमतेम तरले. यावरून त्यांची लोकप्रियता घटली असे समजावे काय? एखादा मतदारसंघ सुरक्षित आहे की चुरशीचा, हे कशावरून ठरवावे? (एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

आपण मतदारसंघाचे नाव कळवलेले नाही. पण आपल्याच जिल्ह्यातील कर्जत-जामखेडचे उदाहरण या प्रश्नासाठी फार उपयोगी आहे. तेथे २०१९ मध्ये रोहित पवार यांनी तत्कालीन मंत्री राम शिंदे यांचा ४३,३४७ मतांनी पराभव केला होता. २०२४ मध्ये हेच दोन उमेदवार पुन्हा समोरासमोर उभे राहिले आणि फरक १,२४३ मतांवर आला. उमेदवार तेच असल्यामुळे ही तुलना स्वच्छ आहे असे वाटते, परंतु तीही पूर्णपणे स्वच्छ नाही, कारण मधल्या काळात २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष दुभंगला होता आणि २०१९ मध्ये ज्या कार्यकर्त्यांनी एका बाजूने काम केले त्यांतील अनेक जण २०२४ मध्ये दोन बाजूंना विभागले गेले होते. शिवसेनेचेही २०२२ मध्ये तेच झाले. म्हणून राज्यातील बहुतेक मतदारसंघांत या दोन निवडणुकांचे पक्षनिहाय आकडे शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष सावधपणेच वाचला पाहिजे.

मताधिक्य हा आकडा एकटा बोलत नाही, तो कोणाविरुद्ध मिळाला हेही पाहावे लागते. बारामतीत अजित पवार २०१९ मध्ये १,६५,२६५ मतांनी निवडून आले तेव्हा भारतीय जनता पक्षाचे उमेदवार गोपीचंद पडळकर यांची अनामत रक्कम जप्त झाली होती, म्हणजे त्यांना एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतेही मिळाली नव्हती. २०२४ मध्ये समोर घरातलेच युगेंद्र पवार होते, आणि तरीही फरक १,००,८९९ राहिला. आता याच विधानसभा क्षेत्रात त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत काय घडले होते ते पाहा : तेथे सुप्रिया सुळे यांना अजित पवारांच्या पत्नी सुनेत्रा पवार यांच्यावर जवळपास ४८ हजार मतांची आघाडी मिळाली होती. गावे आणि केंद्रे तीच, मतदारही जवळजवळ तेच, आणि साधारण सहा महिन्यांच्या अंतराने लोकसभेसाठी एका बाजूला ४८ हजार तर विधानसभेसाठी दुसऱ्या बाजूला लाखभर! बारामती सुरक्षित आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर कोणत्या निवडणुकीबद्दल आपण बोलत आहोत यावर अवलंबून आहे.

याच्या उलट टोकाला लातूर ग्रामीण आहे. तेथे २०१९ मध्ये धीरज देशमुख लाखापेक्षा अधिक फरकाने जिंकले, पण दुसऱ्या क्रमांकावर कोणताही उमेदवार नव्हता, ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय होता आणि त्याला २७,५०० मते पडली होती. हा विजय प्रचंड होता यात शंका नाही, परंतु त्याला लढत म्हणता येईल का, हा वेगळा प्रश्न. समोर खरा स्पर्धक नसताना मिळालेले मताधिक्य हे लोकप्रियतेचे माप म्हणून वापरणे म्हणजे एकट्याने धावून पहिला क्रमांक आल्याचे प्रमाणपत्र घेण्यासारखे आहे. त्याच मतदारसंघात २०२४ मध्ये देशमुखांचा पराभव झाला, हे येथे नमूद करणे पुरेसे आहे.

वार्ताहरांना ‘निसटता विजय’ हा शब्दप्रयोग प्रिय आहे, पण तो किती निसटता होता हे टक्केवारीशिवाय कळत नाही. २०२४ मध्ये मालेगाव मध्य येथे मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी आणि साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी विजयी झाले. बेलापूरमध्ये मंदा म्हात्रे यांचा फरक ३७७ होता. या आकड्यांना टक्केवारीची गरज नाही, ते कोणत्याही हिशेबाने निसटतेच आहेत. परंतु पाच किंवा दहा हजारांच्या फरकाबाबत मात्र मतदारसंघाचा आकार पाहावा लागतो. चिंचवडमध्ये सहा लाखांहून अधिक मतदार आहेत, तर मुंबईतील वडाळ्यात दोन लाखांच्या आसपास. दहा हजारांचे मताधिक्य दोन्ही ठिकाणी सारखे वाचले तर चूक होईल.

मी स्वतः मतदारसंघाकडे पाहताना आधी एक गोष्ट तपासतो : तो गेल्या चार निवडणुकांत किती वेळा हातातून हातात गेला, आणि आमदार बदलला तेव्हा पक्षही बदलला का. व्यक्तीची पकड आणि पक्षाची पकड या वेगळ्या गोष्टी आहेत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षातर्फे अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले, हा विक्रमाचा विषय आहे. पण वयोमानामुळे ते २०१९ मध्ये उभे राहिले नाहीत आणि त्यांच्या नातवाचा अवघ्या ७६८ मतांनी पराभव झाला. २०२४ मध्ये त्यांच्याच दुसऱ्या नातवाने ती जागा परत मिळवली. त्या मतदारसंघाला इतकी वर्षे ‘बालेकिल्ला’ म्हटले जात होते, पण किल्ला किती जणांचा आणि किल्लेदार किती मोठा, हे किल्लेदार बाजूला झाल्यावरच कळले.

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर द्यायचे तर, केवळ दोन निवडणुकांतील फरकावरून लोकप्रियता घटली असे म्हणू नये. ‘नमुना २०’ नावाचा अंतिम निकालपत्रक दस्तऐवज प्रत्येक मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली हे दाखवतो आणि तो मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. तो दोन्ही निवडणुकांचा काढून आपल्या गावांपुरता शेजारी ठेवावा. मात्र केंद्रांचे क्रमांक मधल्या काळात बदललेले असतात, तेव्हा क्रमांकावर नव्हे तर शाळेच्या किंवा गावाच्या नावावर जुळणी करावी. घसरण सगळीकडे सारखी असेल तर वारे फिरले होते असे समजावे. ती एखाद्या विशिष्ट पट्ट्यातच असेल तर तिथे आमदाराचे काहीतरी बिनसले आहे, आणि ते आपल्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

प्रश्न : निवडणूक आली की वृत्तपत्रांत मतदारसंघातील जातनिहाय मतदारांचे तक्ते छापून येतात. हे आकडे कोठून येतात आणि त्यांवर किती विश्वास ठेवावा? आणि राखीव मतदारसंघ कसे ठरतात? (एक निवृत्त शिक्षिका, परभणी)

विश्वास ठेवू नये. मतदार यादीत जातीचा रकाना नसतो. जनगणनेत अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती वगळता अन्य जातींची गणना १९३१ नंतर प्रसिद्ध झालेली नाही. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातगणनेतील जातींची आकडेवारी जाहीर करण्यात आली नाही. आगामी जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला. तेव्हा ‘अमुक समाज ६५ हजार, तमुक समाज ४० हजार’ असे गोल आकडे ज्या तक्त्यात दिसतात ते पक्षांच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी आडनावांवरून बांधलेले अंदाज असतात, आणि आडनावावरून जात ओळखण्याची कला महाराष्ट्रात किती फसवी आहे हे शिक्षिका म्हणून आपण हजेरीपटावर पाहिलेच असेल. एकच पाटील किंवा एकच जाधव अनेक समाजांत सापडतो. दर पाच वर्षांनी तोच तक्ता थोडा फुगवून पुन्हा छापला जातो, एवढेच.

मग मतदारसंघाची घडण जाणून घ्यायचीच असेल तर काय करावे? त्यासाठी परिसीमन आयोगाचा आदेश वाचावा. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे आजच्या सीमा आखल्या आणि २००९ ची विधानसभा निवडणूक या सीमांनुसार प्रथम झाली. त्या आदेशात प्रत्येक मतदारसंघाची व्याप्ती तालुका, महसूल मंडळ, नगरपरिषद आणि महानगरपालिकेचे प्रभाग अशा शब्दांत दिलेली आहे. आपल्या मतदारसंघातील महसूल मंडळांची नावे आदेशातून घ्यावीत, त्या मंडळांतील गावांची यादी तलाठ्याकडून किंवा तहसील कार्यालयातून मिळवावी आणि त्या गावांचे जनगणनेतील आकडे बेरजेला लावावेत. लोकसंख्या, अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण, साक्षरता, शेतमजूर आणि शेतकऱ्यांचे प्रमाण एवढे तरी यातून खात्रीने मिळते. काम कष्टाचे आहे, पण ते केल्यावर जे हाती येते ते कोणाच्या खिशातल्या अंदाजाहून मोलाचे असते.

या हिशेबातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. २००१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ होती. २८८ मतदारसंघांत ती वाटली तर सरासरी ३ लाख ३६ हजार होते. २०११ मध्ये तीच सरासरी ३ लाख ९० हजारांवर गेली. ही वाढ सगळीकडे सारखी झाली नाही, ती पुणे, ठाणे, पालघर यांच्या शहरी पट्ट्यांत एकवटली, पण सीमा मात्र जुन्याच राहिल्या, कारण ८४ व्या घटनादुरुस्तीने विधानसभांच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवून ठेवली. चिंचवडच्या एका मताचे वजन वडाळ्यातील मताच्या एक तृतीयांशाइतके का झाले, याचे मूळ येथे आहे.

आपल्या मराठवाड्याच्या संदर्भात आणखी एक बाब सांगतो, जी कोणत्याही तक्त्यात येत नाही. विधानसभेची निवडणूक अलीकडे ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमध्ये होते आणि उसाचा गाळप हंगामही त्याच सुमारास सुरू होतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या तेव्हा कोयते घेऊन गाव सोडण्याच्या तयारीत असतात किंवा निघालेल्याही असतात. यादीत नाव असलेला मतदार आणि मतदानाच्या दिवशी गावात असलेला मतदार यांत फरक पडतो तो असा. मतदारसंघाची घडण कागदावर एक असते आणि त्या दिवशीच्या रांगेत दुसरी.

राखीव मतदारसंघांबाबत आपण शेवटी विचारले आहे, त्याविषयी थोडक्यात. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी २९ आणि अनुसूचित जमातींसाठी २५ जागा राखीव आहेत, पण त्या ठरवण्याची रीत दोहोंसाठी वेगळी आहे. जमातींच्या जागा जिथे त्यांच्या लोकसंख्येचे प्रमाण सर्वाधिक तिथे राखीव केल्या जातात; म्हणून नंदुरबारमधील चारही आणि गडचिरोलीतील तिन्ही जागा राखीव आहेत. अनुसूचित जातींच्या जागा मात्र प्रमाण तुलनेने अधिक असलेल्या क्षेत्रांतून, पण राज्यभर विखरून निवडल्या जातात. परिणामी, अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या जागेवर त्या समाजाचा उमेदवार निवडून येतो, पण त्याला निवडून देणारे बहुसंख्य मतदार बहुधा इतर समाजांचे असतात. ‘राखीव म्हणजे एका समाजाचा मतदारसंघ’ ही समजूत तेथे लागू पडत नाही.

प्रश्न : आमच्या आमदारांनी पाच वर्षांत एकही विधेयक मांडले नाही. कायदे करणे हेच आमदाराचे काम असेल तर त्यांना अनुत्तीर्ण का ठरवू नये? (एक विधी शाखेचा विद्यार्थी, कोल्हापूर)

कायद्याचे विद्यार्थी असल्यामुळे आपण हा प्रश्न विचारणे योग्यच आहे, परंतु अमेरिकेतील राज्य विधिमंडळाच्या सदस्याला जी फूटपट्टी लावली जाते ती आपल्याकडे तशीच लावता येत नाही. तेथे सदस्य स्वतःच्या नावावर विधेयके मांडतो आणि प्रत्येक मतदानात त्याने काय केले याची नोंद होते, म्हणून त्याची कायदेविषयक कामगिरी मोजणे तुलनेने सोपे जाते. आपल्याकडे सरकार सभागृहातील बहुमतातूनच बनते, त्यामुळे संमत होणारी विधेयके जवळपास सर्वच मंत्री मांडतात. साध्या सदस्याला अशासकीय विधेयक मांडता येते, पण त्याला राखीव वेळ थोडा मिळतो, राज्याच्या संचित निधीतून खर्च लागणार असेल तर अनुच्छेद २०७ नुसार राज्यपालांची शिफारस लागते, आणि चर्चेअंती ‘सरकार यासंबंधी लवकरच सर्वंकष विधेयक आणणार आहे’ असे मंत्र्यांनी सांगितले की ते मागे घेण्याची प्रथा आहे. संसदेचे उदाहरण घ्या : स्वातंत्र्यानंतर तेथे अशा १४ अशासकीय विधेयकांचे कायदे झाले आणि त्यांतले शेवटचे १९७० मध्ये.

मतदानाच्या नोंदीतूनही फारसे हाती लागत नाही. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात, मतविभाजनाची, म्हणजे सदस्यनिहाय मते मोजण्याची, मागणी क्वचित होते, आणि झाली तरी १९८५ मध्ये राज्यघटनेत आलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे, म्हणजे पक्षांतरबंदीमुळे, पक्षादेशाविरुद्ध मत देणारा किंवा परवानगीशिवाय गैरहजर राहणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. ज्या मतदानात सदस्याला निवडच नाही, त्या मतदानावरून त्याची कायदेविषयक भूमिका ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे आणि कधीकधी उपकारही.

मग काय पाहावे? विधेयकावरील चर्चेत सदस्य बोलला का आणि त्याने दुरुस्ती सुचवली का, हे कार्यवाहीच्या अहवालांत सापडते. विधेयकाच्या एखाद्या खंडावर लेखी दुरुस्ती देणारा आमदार हा माझ्या मते सभागृहातला सर्वांत दुर्लक्षित कष्टकरी आहे. त्याची दुरुस्ती बहुधा फेटाळली जाते, बातमी तर कधीच होत नाही, पण त्याने विधेयक वाचले होते याचा तो एकमेव पुरावा असतो. त्यानंतर प्रश्न पाहावेत. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. नियम १०५ खालील लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, मागण्यांवरील कपात सूचना ही पुढची आयुधे. संख्या मोजताना एक सावधगिरी बाळगावी : एकाच प्रश्नावर अनेक आमदारांच्या सह्या असतात आणि छापील यादीत त्या सर्वांच्या नावावर तो जमा होतो. शंभर प्रश्नांत सहसूचक असलेल्यापेक्षा दहा प्रश्न स्वतः लावून धरणारा आमदार मोठा मानावा.

प्रश्न वाचताना त्याच्या शेवटाकडे लक्ष द्यावे. ‘असल्यास, याबाबत चौकशी करून कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय’ ही ओळ प्रत्येक प्रश्नात असते, तिला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते पहिल्या भागातील तपशिलाला : गावाचे नाव, रक्कम, शासन निर्णयाचा दिनांक, रखडलेल्या प्रकरणांची संख्या. तपशील जितका नेमका तितके मंत्र्यांना ‘हे खरे नाही’ एवढ्या उत्तरावर सुटणे अवघड जाते. आणि मंत्र्यांनी सभागृहात ‘तपासून कारवाई करू’ असे म्हटले की ते आश्वासन ठरते व आश्वासन समितीकडे जाते. आपल्या आमदाराने मिळवलेल्या आश्वासनाचे पुढे काय झाले, हा पाठपुरावा हीच खरी परीक्षा.

कायद्याचा उगम नेहमी विधेयकाच्या मुखपृष्ठावरील नावात शोधू नये, याचे महाराष्ट्रातील सर्वांत चांगले उदाहरण रोजगार हमी योजना आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना लावून धरली. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे ती छोट्या प्रमाणावर राबवली गेली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पागे मंत्री नव्हते आणि कायदा सरकारचा होता. विधेयकांची संख्या मोजणाऱ्या तक्त्यात पाग्यांच्या नावापुढे शून्य आले असते.

आता अनुत्तीर्ण ठरवण्याबद्दल : पाच वर्षांत विधेयक नाही, दुरुस्ती नाही, नेमका प्रश्न नाही आणि समितीच्या बैठकीला हजेरीही नाही, असे असेल तर जरूर ठरवा. केवळ पहिल्या कारणासाठी ठरवू नका.

प्रश्न : आमदारांची सभागृहातील हजेरी सामान्य नागरिकाला कोठे पाहायला मिळते? (एक वाचक, ठाणे)

विधानमंडळाच्या संकेतस्थळावर कार्यवाही आणि प्रश्नोत्तरांच्या याद्या मिळतात. मुंबईतील आमदारांपुरते प्रजा फाउंडेशन ही संस्था हजेरी, प्रश्न आणि त्यांचा दर्जा यांवर नियमितपणे प्रगतिपुस्तक काढते. इतरत्र माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागतो. हजेरीच्या आकड्याला मी स्वतः दुय्यम मानतो, कारण सही करून बाहेर जाणाराही हजरच असतो.

हजेरी नसण्यामागे सदस्याचा दोष नेहमीच असतो असे मात्र नाही. जुलै २०२१ मध्ये भाजपच्या १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित करण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी हे निलंबन चालू अधिवेशनापलीकडे असल्याने असंवैधानिक ठरवले. आमदाराला वर्षभर बाहेर ठेवले तर त्याचा मतदारसंघ जागा रिकामी नसतानाही प्रतिनिधीविना राहतो, हा त्या निकालातील विचार या सदराच्या विषयाशी थेट जुळणारा आहे.

प्रश्न : डहाणूसारख्या मतदारसंघातून थोड्या मतांनी निवडून येणारा आणि सभागृहात स्वतःच्या पक्षाचा एकटाच असणारा आमदार काय करू शकतो? त्याचे मूल्यमापन इतरांसारखेच करावे काय? (एक वाचक, पालघर जिल्हा)

हा प्रश्न आधीच्या सर्व प्रश्नांची उत्तरे एका ठिकाणी तपासायला लावणारा आहे, म्हणून त्याला शेवटी ठेवले. पालघर जिल्ह्यात सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. डहाणू, विक्रमगड, पालघर आणि बोईसर हे चार अनुसूचित जमातींसाठी राखीव, तर नालासोपारा आणि वसई हे खुले. १२८ क्रमांकाच्या डहाणू मतदारसंघात तलासरी तालुका आणि डहाणू तालुक्याचा काही भाग येतो. म्हणजे एका जिल्ह्यातच एका टोकाला वारली, कोकणा, धोडिया यांची पाड्यांची वस्ती आणि दुसऱ्या टोकाला लोकलच्या मार्गावरील दाट शहर आहे. ‘पालघरचा कौल’ असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा तो कोणत्या पालघरचा, हे विचारून घ्यावे.

आजच्या सीमांनुसार डहाणूत चार निवडणुका झाल्या. २००९ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे राजाराम ओझरे, २०१४ मध्ये भाजपचे पास्कल धनारे, आणि २०१९ व २०२४ मध्ये पुन्हा मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले निवडून आले. निकोले यांचा फरक दोन्ही वेळा पाच हजार मतांच्या आसपास राहिला. २०२४ मध्ये पहिल्या दोन उमेदवारांनी मिळून दोन लाखांहून अधिक मते घेतली होती, म्हणजे फरक अडीच टक्क्यांच्या आसपासचा. मी या मतदारसंघाला निःसंशय चुरशीचा म्हणेन. त्याच वेळी तेथे पक्षाची मुळे खोल आहेत, ती १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली तलासरी-डहाणू भागात सुरू झालेल्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्यापर्यंत जातात. खोल मुळे आणि अटीतटीची लढत एकत्र नांदू शकतात. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : दोन्ही वेळा मित्रपक्षांनी ही जागा मार्क्सवादी पक्षासाठी सोडली होती. ती सोडली नसती तर पाच हजारांच्या फरकाचे काय झाले असते, याचा विचार आमदाराला पाचही वर्षे करावा लागतो, आणि तो त्याच्या सभागृहातील वागण्यावर उमटल्याशिवाय राहत नाही.

आता सभागृहाकडे. एकट्या सदस्याच्या अडचणी खऱ्या आहेत. चर्चेचा वेळ पक्षांच्या संख्याबळानुसार वाटला जातो, त्यामुळे त्याच्या वाट्याला मिनिटे येतात आणि तीही चर्चेच्या शेवटी, जेव्हा बाके रिकामी झालेली असतात. पण प्रश्न विचारण्याचा अधिकार पक्षाचा नसून सदस्याचा आहे. तेथे १३२ जणांच्या पक्षातील आमदार आणि एकटा आमदार समान आहेत. शिवाय सरकारी पक्षातील सदस्याला स्वतःच्या मंत्र्याला अडचणीत आणणारा प्रश्न टाळावासा वाटतो, तसा संकोच याला नसतो.

त्याच्या भूमिकेची नोंद स्वच्छ राहण्याची शक्यताही अधिक. कडव्या डाव्या संघटनांवर कारवाईसाठी आणलेले महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त समितीकडे गेले, समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या, आणि १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते आवाजी मतदानाने संमत केले. त्या दिवशी विधानसभेत स्पष्ट विरोध करणारे सदस्य म्हणून वृत्तपत्रांनी एकट्या निकोले यांचे नाव दिले. विधेयक योग्य की अयोग्य याबद्दल वाचकांची मते भिन्न असतील आणि ती येथे मांडण्याचा विषयही नाही. मुद्दा एवढाच की इतर २८७ मतदारसंघांतील नागरिकांना आपला आमदार त्या विधेयकावर नेमका कोठे उभा होता हे शोधावे लागेल, डहाणूच्या मतदाराला ते शोधावे लागत नाही.

मूल्यमापन करताना अधिकारक्षेत्राचीही दखल घ्यावी. डहाणू तालुक्यातील वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपये खर्चाचे बंदर होत आहे आणि त्यावरून तेथे तीव्र मतभेद आहेत. त्या प्रकल्पात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. विधानसभेत राज्याच्या अखत्यारीतील बाबींवरच प्रश्न स्वीकारला जातो, त्यामुळे आमदाराला या २६ टक्क्यांच्या खिडकीतून, आणि भूसंपादन, मासेमारी, पुनर्वसन अशा राज्याच्या खात्यांमार्फतच आत शिरावे लागते. ‘आमदार बंदराबद्दल काहीच करत नाहीत’ किंवा ‘आमदार बंदर रोखतील’ ही दोन्ही विधाने हे अधिकार न पाहता केलेली आहेत.

याउलट राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील, म्हणजे आदिवासींसाठी विशेष तरतुदी असलेल्या, क्षेत्रातून आल्यामुळे या आमदारांना एक दालन अधिक आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. राज्यघटनेनुसार अशा राज्यात जनजाती सल्लागार परिषद असावी लागते, तिचे सदस्य जास्तीत जास्त २० असतात आणि त्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश विधानसभेतील अनुसूचित जमातींचे प्रतिनिधी असतात. वनहक्कांचे दावे, पेसा (अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांचे अधिकार, आश्रमशाळांची स्थिती हे विषय तेथे मांडता येतात. पालघरमधील चार राखीव जागांवरील आमदारांपैकी कोण या परिषदेवर आहे, परिषदेची बैठक वर्षातून किती वेळा झाली आणि तिच्यात त्यांनी काय मांडले, हे विचारणारे एक पत्र आपण चौघांनाही पाठवावे. उत्तर आले तर ते या सदराकडे जरूर पाठवा, पुढील अंकात त्यासाठी जागा ठेवू.